ठणका थांबलेली दाढ

मावशी पहिल्यांदा आल्या तेव्हा उजव्या गालावर पदर दाबून आल्या होत्या. वय ५४. कराडहून पाटणकडे जाताना लागणाऱ्या एका गावात घर, दीड एकर शेती, घरात मुलगा, सून आणि सहा वर्षांची नात. मुलाने मोटारसायकलवर मागे बसवून आणलं होतं. खुर्चीत टेकण्याआधीच त्या म्हणाल्या, "मॅडम, दाढ काढून टाका. उगं औषधपाणी लांबवू नका. खालचीच हाय म्हनून आले, वरची आसती तर डोळं जायच्या भ्यानं आलेच नसते."

हे प्रकरण त्यांना विचारून लिहिते आहे. ओळख पटेल असे बारकावे बदलले आहेत, आजार आणि उपचारांचा क्रम मात्र जसा होता तसा ठेवला आहे. लिहिण्याचं कारण एवढंच की मावशींच्या तोंडात जे घडलं ते माझ्या दवाखान्यात आठवड्यातून दोनदा तरी वेगवेगळ्या माणसांच्या रूपाने येऊन बसतं, आणि जवळजवळ प्रत्येक जण एकाच ठिकाणी फसलेला असतो: दुखणं थांबलं, म्हणजे दाढ बरी झाली.

आधी दुखण्याची हकीकत. उन्हाळ्यात आंबा खाल्ला, गार पाणी प्यायलं की उजव्या खालच्या दाढेत कळ यायची आणि लगेच जायची. तेव्हा कोणी आले असते तर कीड कोरून सिमेंट भरलं असतं, अर्ध्या तासाचं काम होतं. गणपतीत मात्र दुखण्याची जात बदलली. गरम चहाचा घोट घेतला की ठणका सुरू व्हायचा आणि तासभर थांबायचा नाही. रात्री आडवं पडलं की वाढायचा, कानशिलापर्यंत जायचा. तोंडात गार पाणी धरलं तरच बरं वाटायचं, म्हणून उशाशी तांब्या घेऊन त्या बसून रात्र काढायच्या. लवंग ठेवली, मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या आठ दिवस खाल्ल्या, कुणी सांगितलं म्हणून तंबाखूची चिमूट खड्ड्यात दाबली. आणि नवव्या-दहाव्या दिवशी ठणका आपोआप थांबला. घरात सगळ्यांना वाटलं, लवंगेनं गुण दिला.

दाताचं बाहेरचं कवच शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ आहे, पण त्याला जाणीव नसते. कीड कवचात असेपर्यंत काहीच कळत नाही. आतल्या थरात शिरली की दात शिवशिवतो. त्याच्याही आत, हाडासारख्या कठीण भिंतींच्या बंद खोलीत, आपण जिला 'नस' म्हणतो तो रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूंचा मऊ गाभा असतो. बोटाला जखम झाली तर बोट सुजतं, फुगायला जागा असते. या गाभ्याला सूज आली तर फुगायला जागाच नाही. म्हणून तो ठणका इतका जीवघेणा असतो. गरमाने वाढणारी आणि गाराने शमणारी रात्रीची कळ म्हणजे गाभा आता परत सुधारणार नाही, याची बऱ्यापैकी खात्रीची खूण. काही दिवसांत तो मरतो. मेलेली नस दुखत नाही. मावशींचा ठणका थांबला तो त्या दिवशी.

जंतू मात्र तिथेच असतात. रक्तपुरवठा बंद झालेल्या त्या पोकळीत शरीराचे सैनिकही पोचत नाहीत आणि गोळीतलं औषधही पोचत नाही. तिथून मुळाच्या टोकातून ते जबड्याच्या हाडात उतरतात. मावशींच्या बाबतीत याला तीनेक आठवडे लागले, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गाल सुजला.

पहिल्या दिवशी मी दाढेआधी बाकीच्या गोष्टी पाहिल्या. अंगात कणकण होती. तोंड दोन बोटं उघडत होतं. जिभेखालची जागा मऊ होती, गिळता येत होतं, आवाज स्वच्छ होता, श्वासाला त्रास नव्हता. हे नीट लिहून ठेवते, कारण खालच्या दाढेची सूज जबड्याखाली आणि जिभेखाली उतरली, गिळायला-बोलायला त्रास होऊ लागला, तर ती दातांच्या दवाखान्याची गोष्ट राहत नाही. त्याच रात्री मोठं रुग्णालय गाठावं लागतं, श्वासनलिका दाबली जाऊन माणूस दगावू शकतो. मावशी त्या टप्प्याच्या अलीकडे होत्या. बोटातून थेंब घेऊन शुगर तपासली, २८६ निघाली. पाच वर्षांपासून मधुमेह होता, गोळी "आठवंल तवा" घेत होत्या.

एक्स-रेत दाढेच्या दोन्ही मुळांच्या टोकांशी काळी सावली होती, म्हणजे तिथलं हाड विरघळलं होतं. दाढेच्या बाजूचं हाडही निरोगी पातळीपेक्षा साधारण तिसरा हिस्सा खाली गेलेलं. पण दाढ हलत नव्हती.

मुलगा म्हणाला, "मॅडम, काढूनच टाकली तर?" प्रश्न रास्त होता. दाढ काढायला पाचशे रुपये आणि एक दिवस. वाचवायची तर रूट कॅनल आणि कॅप मिळून साडेसहा हजार आणि चार खेपा. हा हिशोब मी कधीच हसण्यावारी नेत नाही. सोयाबीन अजून घरात यायचं होतं. म्हणून दाढेवरून नजर काढून त्याला आईचं पूर्ण तोंड दाखवलं. डाव्या बाजूची खालची पहिली आणि दुसरी दाढ सात-आठ वर्षांपूर्वी कुठेतरी काढलेली. तिथे नंतर काहीच बसवलं नव्हतं, त्यामुळे वरची दाढ त्या रिकाम्या जागेत खाली लोंबली होती. मावशी इतकी वर्षं फक्त उजवीकडून जेवत होत्या. ही दाढ गेली असती तर भाकरी चावायला दोन्हीकडे भक्कम जागा उरली नसती, आणि मधुमेहाच्या माणसाने चहात बिस्किट बुडवून आणि भात गिळून पोट भरायला लागणं ही काही लहान गोष्ट नाही. एकाच दाढेला एका तोंडात 'काढा' आणि दुसऱ्या तोंडात 'वाचवा' हे उत्तर येतं, ते यामुळे. मुलाला ते पटलं. पैसे तीन हप्त्यांत द्यायचे ठरले.

भूल देताना थोडा वेळ गेला. पू झालेल्या भागात आम्लपणा वाढलेला असतो आणि भुलीचं औषध तिथे नीट चढत नाही, म्हणून आम्ही ते लांब, जबड्याच्या मागच्या बाजूला, मुख्य नस हाडात शिरते तिथे देतो. खालचा ओठ अर्धा बधिर झाला की समजायचं, जमलं. दाढ वरून उघडली आणि आतून पू आला. त्या एका क्षणात मावशींच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. प्रतिजैविक दिलं, कारण सूज पसरलेली होती आणि शुगर चढलेली होती. पण सूज उतरवली ती दाढ उघडल्याने. नुसत्या गोळ्यांवर ती महिनाभर दबली असती आणि मग अधिक जोराने वर आली असती.

पाच दिवसांनी गाल पूर्ववत. दाढेच्या नळ्या घासून, धुऊन आत औषध भरलं, वर तात्पुरतं सिमेंट लावलं आणि पुढच्या आठवड्याची तारीख दिली. मावशी आल्या नाहीत. सोयाबीनची काढणी आली, मग दिवाळी. इथेच सर्वाधिक माणसं हातातून सुटतात, आणि त्यांना दोष देऊन भागत नाही. दुखत नसताना मजुरीचा दिवस मोडून कोण येईल? मी फोन केला तर सून म्हणाली, "आत्या म्हणतात आता काय बी तरास न्हाई." मी तिला एवढंच सांगितलं की त्रास नव्हता म्हणूनच तर गाल सुजला होता. भाऊबीजेनंतरच्या सोमवारी त्या आल्या. तात्पुरतं सिमेंट अर्धं निघालेलं होतं, पण आत फारसं बिघडलं नव्हतं.

त्या दिवशी तोंड पूर्ण उघडत होतं आणि मी आरसा घेऊन गालाच्या आतून शांतपणे फिरले. खालच्या पुढच्या दातांसमोर, ओठ आणि हिरडी जिथे मिळतात त्या खोबणीत, नखाएवढा पांढरट, थोडा खडबडीत डाग होता. कापसाने पुसून जात नव्हता. दुसऱ्या खेपेलाही तो तिथे असणारच. मी तेव्हा उजव्या दाढेत गुंतले होते आणि ओठ खाली ओढून पाहिलाच नाही. तेव्हापासून सूज असो की नसो, प्रत्येक माणसाच्या ओठ-गालाच्या चारही खोबण्या, जिभेच्या कडा आणि टाळा पाहिल्याशिवाय मी त्याला खुर्चीवरून उठू देत नाही.

"मावशी, मिश्री लावता?"

"लावते की. सगळ्याच लावत्यात."

"दिवसातून किती वेळा?"

त्यांनी मोजलं. सहा. सकाळी उठल्यावर, चहानंतर, रानात जाताना, जेवल्यावर, दुपारी, निजताना. तीसेक वर्षं. लग्न होऊन आल्यावर सासूबरोबर तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायच्या आणि कुटून डबीत भरायच्या. दात घासण्यासाठी त्यांनी ब्रश कधी वापरलाच नव्हता, मिश्री हेच त्यांचं दंतमंजन. १९९२ सालापासून टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला आपल्या देशात बंदी आहे. २०१२ मध्ये महाराष्ट्राने गुटखाबंदी केली. पण घरच्या तव्यावर भाजलेल्या तंबाखूला कोणती बंदी अडवणार?

मिश्रीने आणखी एक गोष्ट लपवली होती. निकोटिनने हिरड्यांतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. त्यामुळे हिरडी आतून कुजत असली तरी लाल होत नाही, घासताना रक्त येत नाही, आणि माणसाला वाटतं आपल्या हिरड्या घट्ट आहेत. मावशींच्या हिरड्या वरून फिकट, टणक दिसत होत्या. मोजपट्टीची बारीक सळई हिरडी आणि दाताच्या फटीत घातली तेव्हा खरं कळलं. निरोगी तोंडात ती एक ते तीन मिलिमीटर आत जाते. इथे बहुतेक दातांशी पाच-सहा, दोन ठिकाणी सात. खालचे मधले दोन दात बोटाने सगळीकडे हलत होते, त्यांना धरून ठेवलं होतं ते मागच्या बाजूला साचलेल्या कीटणाने. म्हणजे एका तोंडात दोन वेगळे आजार होते, दाताला कीड आणि हिरडीचा पायोरिया, आणि तिसरा डाग.

डागाचा छोटा तुकडा तपासणीला पाठवणं गरजेचं होतं. 'तुकडा' म्हटल्याबरोबर मुलाचा चेहरा उतरला. त्याला बाहेर नेऊन समजावलं नाही, मावशींच्या समोरच बोलले. डाग म्हणजे कॅन्सर नव्हे. पण अशा डागांतले काही पुढे त्या वाटेने जातात आणि कोणते जातील हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. तुकडा घेतल्याने रोग 'पसरतो' ही भीती खोटी आहे. न घेतल्याने उशीर होतो, हे मात्र खरं. मावशी गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "घ्या. कळू तरी द्या."

अहवाल बारा दिवसांनी आला. कातडीच्या पेशींत सौम्य बदल, कर्करोग नाही. तो कागद मी दोनदा वाचला, मग त्यांना फोन लावला.

सुटका मिळाली होती ती मिश्री सोडण्याच्या अटीवर, आणि ही या उपचारातली सगळ्यात अवघड पायरी. "सोडून द्या" म्हणणं सोपं. मावशींनी जे सांगितलं ते या भागातल्या पुष्कळ बायका सांगतात: "मिश्री लावल्याबिगर परसाकडं व्हत न्हाई." सकाळची चिमूट त्यांच्या पोटाशी बांधलेली होती. ती आधी सोडायला लावली असती तर तिसऱ्या दिवशी सगळंच बारगळलं असतं. म्हणून उलट्या बाजूने सुरुवात केली. पहिल्यांदा निजतानाची सुटली, तिच्या जागी ब्रश आला. मग दुपारची, मग जेवणानंतरची, तिथे भाजलेली बडीशेप. सकाळची सर्वांत शेवटी, तोवर कोमट पाणी आणि रात्रीच्या जेवणात पालेभाजीची सवय लागली होती. निकोटिनची चघळायची गोळी हलत्या दातांमुळे जमणारी नव्हती. तंबाखूच्या पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा मोफत क्रमांक सुनेने फोनमध्ये जपून ठेवला आणि दोनदा लावूनही दिला. चार महिने लागले. मधे चैत्रातल्या गावच्या यात्रेत पाहुण्या बायकांच्या घोळक्यात डबी पुन्हा फिरली आणि आठवडाभर घसरण झाली. त्यांनी ती स्वतःहून सांगितली, आणि मला तो विश्वास फार मोलाचा वाटला.

दरम्यान दाढेचं काम पुरं झालं. दाढेवर रबराचा पातळ पडदा ताणायचा, म्हणजे थुंकी आत जात नाही आणि औषध घशात उतरत नाही. खालच्या पहिल्या दाढेत बहुधा तीन नळ्या असतात, मावशींच्या चार निघाल्या. चौथी शोधायला वीस मिनिटं गेली, पण सुटलेली नळी म्हणजे दोन वर्षांनी पुन्हा सूज. केसाएवढ्या सुयांनी भिंती घासायच्या, कपड्यांच्या ब्लीचच्याच जातीच्या द्रावणाने धुवायच्या, कोरड्या करायच्या आणि मग झाडाच्या चिकापासून बनणाऱ्या रबरासारख्या पदार्थाने टोकापर्यंत गच्च भरायच्या. लोक म्हणतात "नस काढली". खरं म्हणजे नस कधीच मेली होती. आम्ही रिकामं, कुजलेलं घर साफ करून बंद केलं.

कॅपवर मुलगा अडला. "दुखत नाही तर कॅप कशाला?" रूट कॅनल झालेली दाढ आतून पोखरलेली असते, वर भिंती पातळ उरतात. कराडकडचा माणूस ऊस सोलतो तो दातांनी. एखाद्या दिवशी दाढ मधोमध उभी चिरली की काढण्यावाचून मार्ग राहत नाही आणि आधीचे सगळे पैसे पाण्यात. कॅप बसली.

हिरड्यांचं काम दोन खेपांत, भूल देऊन केलं. आधी वरचं कीटण, मग हिरडीखालची मुळं खरवडून गुळगुळीत. "दात साफ केले की हलायला लागतात" हे मला रोज ऐकावं लागतं, आणि असं वाटण्यामागे खरा अनुभव असतो, म्हणून उत्तरही नीट द्यावं लागतं. हाड आधीच गेलेलं असतं. कीटण दगडासारखं दातांना एकमेकांशी जखडून ठेवतं. ते निघालं की दात त्याच्या खऱ्या ताकदीवर उभा राहतो आणि ती किती कमी उरली आहे हे त्या दिवशी कळतं. कीटण ठेवलं तर उरलेलं हाडही जाणार. मावशींचे खालचे दोन दात वाचण्यापलीकडे होते, ते शुगर उतरल्यावर काढले.

काढलेल्या दातांच्या जागी काय, यावर बराच विचार केला. ब्रिज बसवायला शेजारचे दात भक्कम लागतात, ते नव्हते. इम्प्लांटबद्दल मुलाने कुठेतरी पाहिलं होतं. पण त्या वेळी तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्ततपासणी (एचबीए१सी) ९.४ टक्के होती आणि मिश्री नुकतीच सुटत होती, अशा हाडात स्क्रू नीट रुजेल याची मला खात्री नव्हती, आणि खर्चही झेपणारा नव्हता. काढता-घालता येणारे दात बसवले, पुढचे दोन आणि डावीकडच्या दाढा मिळून. डावीकडची लोंबलेली वरची दाढ थोडी घासून बुटकी करावी लागली. पहिला आठवडा त्या वैतागल्या, मग डाव्या बाजूनेही भाकरी चावू लागल्या. रात्री ते काढून पाण्यात ठेवायचे, हे मात्र तीनदा सांगावं लागलं.

ब्रश धरायला शिकवणं हा मला या कामातला सर्वांत आवडता भाग. मऊ केसांचा ब्रश, फ्लोराइड असलेली पेस्ट वाटाण्याएवढी, ब्रश हिरडी आणि दाताच्या सांध्यावर तिरका टेकवून छोट्या वेटोळ्यांनी, दोन मिनिटं. मावशी पहिल्या दिवशी ताटली घासावी तशा आडव्या घासत होत्या. राखुंडी आणि वाळूसारखं मंजन बंद, त्याने कवच झिजतं. दातांमधल्या फटी मोठ्या झाल्या होत्या, तिथे दोरा काही कामाचा नव्हता, बाटली घासायच्या ब्रशसारखा इवलासा ब्रश दिला. आणि एकच वेळ जमत असेल तर रात्रीची. झोपेत थुंकी कमी सुटते, दातांची राखण करणारी ती थुंकीच, म्हणून रात्री दातांत अडकलेला घास सकाळपर्यंत निवांत आम्ल बनवत बसतो.

एका खेपेला नात बरोबर आली होती. आजीच्या खुर्चीशी उभी राहून आ करून दाखवत होती. तिच्या खालच्या सगळ्यात मागच्या दाढा नुकत्या वर आल्या होत्या. सून म्हणाली, "दुधाच्या आहेत ना, पडतील." त्या पडणाऱ्या नव्हत्या. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागे, एकही दात न पडता, कायमची पहिली दाढ उगवते आणि पुष्कळ आयांना ते कळतच नाही. आजीची जी दाढ वाचवायला आम्ही चार महिने झटत होतो, तीच ही. नातीच्या दाढांवर खोल चिरा होत्या, त्या पातळ लेपाने बुजवल्या. सुई नाही, कोरणं नाही, दहा मिनिटं.

वर्षभरानंतरच्या एक्स-रेत मुळांच्या टोकांची सावली निम्म्याहून कमी झाली आहे, नवं हाड भरतंय. हिरड्यांच्या फटी बहुतेक ठिकाणी चारवर आल्या, वरच्या एका दाढेशी अजून सहा आहे आणि ती टिकेल असं मी मावशींना सांगितलेलं नाही. सरासरी शुगर (एचबीए१सी) ७.५ टक्के आहे. हिरड्यांचा दाह कमी झाला की शुगर आटोक्यात यायला थोडी मदत होते हे खरं, पण इथलं मोठं श्रेय नियमित गोळीचं आणि त्यांच्या चालण्याचं. ओठामागचा डाग फिकट आणि लहान झाला, पुरता गेलेला नाही. दर तीन महिन्यांनी मी त्याचा फोटो काढते आणि मागच्या फोटोशेजारी ठेवून बघते. पुढची तारीख पोळ्यानंतरची. त्या दिवशी मावशी आपल्या जावेलाही आणणार आहेत. तिलाही मिश्री आहे, आणि गेल्या महिन्यात तिची एक दाढ ठणकायची आपोआप थांबली आहे.